लेकराची शाळा शोधताना : कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी

दिवाळी संपली की आमच्या आर. के. नगरच्या अपार्टमेंटखाली कुणीतरी मला गाठतंच. "बाई, इथं चांगली शाळा कुठली ओ?" गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लागून नाशिकहून आलेलं जोडपं असतं, सीपीआर या सरकारी दवाखान्यात बदलून आलेली डॉक्टरीण असते, बँकेच्या बदलीनं आलेली नागपूरकडची मंडळी असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. त्यामुळं मला शाळांची नावं तोंडपाठ असतील आणि मी एक नाव सांगून मोकळी होईन, असं त्यांना वाटतं. मी उलट विचारते, घर कुठं घेतलंय? पोरगं घरात कुठली भाषा बोलतं? त्याला न्यायला-आणायला कोण आहे? मग पार्किंगमध्येच पाऊण तास जातो. तेच सगळं इथं सलग लिहिते.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कळेल. तीन ते आठ या वयाच्या मुलाला बोर्ड कळत नाही, इमारत कळत नाही. त्याला कळतात ते दोनच: रोजचा रस्ता आणि वर्गातली बाई. तुम्हीही त्याच दोन गोष्टींपासून सुरुवात करा.

१. फॉर्म आणायच्या आधी वय मोजा

महाराष्ट्रात ज्या वर्षी मूल पहिलीत घालायचं, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला त्याची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. नर्सरीसाठी त्याच तारखेला तीन. म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसायचं तर जन्म ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याच्या आधीचा हवा. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांची इथं हमखास गडबड होते, कारण तिकडची तारीख वेगळी असते.

आता यातली गोम. हे कमीत कमी वय आहे. एवढं झालं की घातलंच पाहिजे असं नाही. माझ्या वर्गात जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं अशी दोन पोरं एका बाकावर बसायची. कागदावर वर्ग एकच, पण अंतर अकरा महिन्यांचं. त्या वयात अकरा महिने म्हणजे पेन्सिल धरता येणं आणि न येणं, चड्डीचं बटण लावता येणं आणि न येणं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधला जन्म असेल तर एक वर्ष थांबायला मी नेहमी सांगते. आजी-आजोबा "वर्ष वाया जाईल" म्हणतील. ऐकून घ्या आणि थांबा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर खासगी इंग्रजी शाळांचे फॉर्म दिवाळीपासून जानेवारीपर्यंत निघतात. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, बाकीच्या जूनच्या मध्यावर. विदर्भातून आलेल्यांनी लक्षात ठेवावं, तुमच्याकडं उन्हामुळं जूनअखेरीला घंटा वाजते, आमच्याकडं त्याआधीच वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गुढीपाडव्याला नाव घालायची पद्धत आहे. "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत शिक्षक दारोदार फिरतात. मीही फिरले आहे, उन्हातान्हात.

२. शाळांचे प्रकार, पाट्यांच्या मागचे

कोल्हापुरात शिक्षणाचा विषय निघाला की शाहू महाराजांचं नाव येणारच, आणि ते नुसतं पुतळ्यापुरतं नाही. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया. आज पालक शाळेच्या दारात रांग लावतात, तेव्हा शाळा पालकांच्या मागं लागली होती. जिल्ह्यात वाडीवस्तीपर्यंत सरकारी शाळा दिसतात, त्यामागं एवढी जुनी चाल आहे.

सगळ्यात लहानग्यांसाठी अंगणवाडी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली, मग सगळीकडं पसरली. तीन ते सहा वर्षांची मुलं इथं बसतात, खातात, गाणी म्हणतात, वजन-उंची मोजली जाते, लसीची आठवण होते. शहरातही अंगणवाड्या आहेत, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना त्या दिसत नाहीत, कारण त्यांनी कधी बघितलेल्याच नसतात. एकदा जाऊन बघा. ताई चांगली असेल तर घराजवळची अंगणवाडी महागड्या नर्सरीला भारी पडते. ताई दिवसभर सर्वेक्षणाच्या कागदांत अडकलेली असेल तर मात्र नाही. दोन्ही प्रकार मी बघितले आहेत.

खासगी नर्सरी आणि प्ले ग्रुप हा दुसरा मार्ग. इथं तुमचे डोळे हाच नियम समजा. पहिलीपासूनच्या शाळेला मान्यता, युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), तपासणी असं सगळं असतं. पूर्वप्राथमिकवरची पकड बरीच वर्षं सैल राहिली आहे. बंगल्याच्या तळमजल्यावर भिंतीला कार्टून रंगवलं की नर्सरी झाली, असंही चालतं. काही बंगल्यांत मात्र एखादी बाई वीस-पंचवीस मुलांना मायेनं आणि समजून सांभाळत असते. पाटीवरून फरक कळत नाही.

मग जिल्हा परिषदेची शाळा. आमच्या जिल्ह्यात हिला "विद्या मंदिर" म्हणतात: विद्या मंदिर अमुक गाव, कुमार विद्या मंदिर, कन्या विद्या मंदिर. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी असं शहराला चिकटलेल्या गावात राहणार असाल तर तुमच्या सगळ्यात जवळची शाळा हीच असेल. शहराच्या हद्दीत तेच काम महापालिकेच्या शाळा करतात. फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारी खिचडी-भात मिळतो. बाहेरून आलेल्यांचा समज असा की इथं नाइलाज असलेलीच मुलं जातात. जरगनगरातल्या महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेशासाठी पालक किती लांब रांग लावतात ते एकदा बघा, त्यात मोटारीतून आलेलेही असतात. सगळ्या सरकारी शाळा तशा नाहीत, हेही खरं. एकाच केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एकाच सरकारी गटातल्या, दोन शाळा दोन टोकांच्या असू शकतात. पट फार कमी असेल तर दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. शिक्षक चांगला असेल तर तेही जमून जातं, पण तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

अनुदानित खासगी शाळा म्हणजे संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या मराठी शाळा बहुतेक या गटातल्या. शंभरी गाठलेल्या संस्था आहेत, आजोबा-बाप-नातू एकाच शाळेचे अशी घरं आहेत. फी नाममात्र, आणि शिक्षक सहसा टिकून राहतात. लहान मुलांच्या शाळेत ही फार मोठी जमेची बाजू. अडचण एवढीच की वर्गात मुलं जास्त असतात.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा सगळा खर्च फीवर चालतो. नव्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा बहुतेक याच. काही राज्य मंडळाच्या, काही सीबीएसईच्या. सुविधा चांगल्या असतात, बस असते, वर्ग आटोपशीर असतात. इथं शिक्षकांचा पगार किती आणि दर वर्षी किती जण सोडून जातात, हे विचारायला लाज वाटू देऊ नका. जून ते मार्च या काळात ज्युनिअर केजीला तीन बाया बदलल्या, तर त्या मुलानं तीनदा नव्यानं ओळख करून घ्यायची. मोठ्यांना नोकरीत तीन साहेब बदलले की झोप लागत नाही.

आणि एक वेगळी वाट. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाला भीती आणि बक्षीस या दोन्हींशिवाय शिकता येतं, हे त्यांनी इथल्या साध्या मराठी शाळेत करून दाखवलं. महाराष्ट्रभरातले शिक्षक ते बघायला यायचे. अशा शाळेत घालायचं तर आधी पालकांनी आपलं मन तपासावं. शेजारच्या मुलाचा नंबर ऐकून तुमच्या पोटात गोळा येत असेल तर तुम्हीही त्रास घ्याल, शाळेलाही द्याल.

३. माध्यम

यावर घराघरात भांडणं होतात. मी माझं मत सांगते.

घरात मराठी असेल तर पहिली चार वर्षं मराठीतून शिकू द्या. मूल वाचायला शिकतं तेव्हा अक्षराच्या मागं ओळखीचा शब्द असावा लागतो. "कमळ" वाचल्यावर डोळ्यांपुढं कमळ आलं तर वाचनाची गोडी लागते. अर्थ न कळता वाचणारी मुलं मी पुष्कळ बघितली. फाडफाड वाचतात, आणि काय वाचलं विचारलं की तोंडाकडं बघतात. इंग्रजीचं काय म्हणाल, तर २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच.

सेमी इंग्रजी ही आपल्या राज्याची तडजोड आहे आणि बाहेरच्यांना ती समजावून सांगावी लागते. प्राथमिकला गणित इंग्रजीतून, पुढं सहावीपासून विज्ञानही इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. चांगली तडजोड आहे. पण शिक्षकाला "बॉरो" आणि "हातचा" दोन्ही शब्दांत गणित समजावता यायला पाहिजे. भेटीला जाल तेव्हा गणिताचा तास बघता येतो का विचारा.

घरात हिंदी, कानडी, गुजराती असेल तर गणित बदलतं. दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली होणार असेल तर इंग्रजी माध्यम आणि सीबीएसई सोयीचं, त्यात कमीपणा काही नाही. कायमचं राहणार असाल तर मराठी किंवा सेमीचाही विचार करा. लहान मूल गल्लीतून भाषा उचलतं, सहा महिन्यांत तुमची दुभाषी होतं. कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी विषय असणारच, २०२० च्या कायद्यानं तो सक्तीचा आहे. आणि एक सावधगिरीची सूचना: कोल्हापुरात बायका-पोरीसुद्धा "मी आलो, मी जातो" असं बोलतात. तुमच्या मुलीनं घरी येऊन "आई, मी जेवलो" म्हटलं तर शाळेत तक्रार घेऊन जाऊ नका. ती इथली झाली.

बोर्डाबद्दल दोन ओळी पुरेत. पहिली-दुसरीपर्यंत राज्य मंडळ की सीबीएसई यानं काडीचा फरक पडत नाही. सहावीनंतर विचार करा.

४. रस्ता

लोक घर आधी घेतात, शाळा नंतर शोधतात. जमलं तर उलट करा, निदान दोन्ही एकाच आठवड्यात बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी, असं सरकारवर बंधन आहे. तुम्हीही तीच दोरी धरा. एक किलोमीटरपर्यंत उत्तम, तीनपर्यंत चालेल. त्यापुढं नर्सरीच्या मुलाला रोज नेऊ नये.

आता कोल्हापूरचा स्वतःचा मुद्दा: पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या घराघरात सकाळी चहाआधी हा आकडा विचारला जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या सखल भागांत, शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा या बाजूंना, पाणी शिरलं होतं. कसबा बावडा-शिये रस्ता आणि केर्लीजवळचा रत्नागिरी रस्ता पाण्याखाली गेला की त्या बाजूच्या मुलांची शाळा आपोआप बंद. चिखली-आंबेवाडीची तर बातच सोडा, तिथलं गावच उठून बाहेर येतं. घर एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला आणि मधे नदी किंवा ओढा, अशी जोडी घेऊ नका. शाळा बघायला मे महिन्यात जाता, तेव्हा सगळं कोरडं असतं. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतंय ओ?" तो हातानं भिंतीवरची खूण दाखवेल.

दुसरा धोका महामार्गाचा. उचगाव, उजळाईवाडी, शिरोली या बाजूला राहणाऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता मुलाला रोज कुठून ओलांडावा लागतो ते पायी चालून बघावं. गाडीतून बघून कळत नाही.

रिक्षा-व्हॅन लावणार असाल तर रिक्षावाल्या मामांना भेटा, शाळेला नव्हे. मामा चांगला असेल तर त्याच्या रिक्षासाठी लोक शाळा बदलतात, खोटं सांगत नाही. किती मुलं बसवतो, पहिलं मूल किती वाजता उचलतो आणि तुमचं शेवटी कितीला पोचतं, हे तीन प्रश्न. स्कूल बससाठी राज्यात २०११ चे नियम आहेत. बसमध्ये मदतनीस बाई असावी, शाळेत परिवहन समिती असावी, असं त्यात आहे. समितीची बैठक शेवटची कधी झाली ते विचारून बघा, मुख्याध्यापकांचा चेहरा बरंच सांगून जातो.

वेळाही लिहून घ्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारचा २०२४ चा निर्णय आहे, तरी कुठली शाळा किती वाजता भरते ते विचारावंच लागतं. शनिवारी सकाळची शाळा असते, मार्चपासून उन्हाळ्यात रोजच सकाळची. आईबाप दोघं नोकरीला असाल तर अकरा-बाराला घरी आलेल्या मुलाला कोण बघणार, हे जूनमध्ये नाही, आत्ता ठरवा.

५. शाळा बघायला जा, पण सुटायच्या वेळी

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथं जरा थांबते.

प्रवेशाच्या दिवसांत शाळा नटलेली असते. त्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी, शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी फाटकाबाहेर उभं राहा. पोरं कशी बाहेर येतात ते बघा. धावत, ओरडत, चिखल लागलेली, बाईंना काहीतरी सांगायला परत मागं पळणारी, असं दिसलं तर बरं आहे. ओळीत मुकाट चाललेली पाच वर्षांची चाळीस मुलं बघून पालकांना शिस्त दिसते, मला काळजी वाटते. तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकांशी बोला. "शाळा चांगली आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मूल आजारी पडून चार दिवस आलं नाही तर बाई फोन करतात का?" असं विचारा.

मग आत जा, आणि आधी संडास बघा. ऑफिस नंतर. लहान मुलांच्या उंचीचा आहे का, पाणी आहे का, कडी आतून मुलाला काढता येते का. दिवसभर लघवी धरून ठेवणारी मुलगी अभ्यासात मागं का पडते, ते कुठल्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नसतं. प्यायच्या पाण्याचा नळ किती उंच आहे तेही बघा.

वर्गाच्या भिंतीवर काय आहे? छापील तक्ते विकत आणून लावता येतात. मुलांनी काढलेली वाकडीतिकडी चित्रं मात्र मुलांकडूनच येतात, आणि ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेली असतील तर ही बाई मुलांसाठी भिंत सजवते, साहेबांसाठी नाही. कोपऱ्यात गोष्टीची पुस्तकं आहेत का? असतील तर त्यांचे कोपरे मुडपलेले आहेत का? कोरी करकरीत पुस्तकं कपाटात कुलपात असतील तर ती पुस्तकं नाहीत, शोभेची भांडी आहेत.

वर्गात मुलं किती ते मोजा. प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक असावा असं कायदा सांगतो. नर्सरीत त्याहून कमी हवीत, आणि जोडीला मदतनीस मावशी हवीच.

वह्या मागा. नर्सरी-ज्युनिअरच्या मुलाच्या वहीत पानंच्या पानं "ए ए ए ए" किंवा "१ १ १ १" लिहिलेली दिसली तर नम्रपणे उठा आणि निघा. साडेतीन वर्षांच्या बोटांतली हाडं अजून कोवळी असतात, त्यांना माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हवं असतं. लिहिणं नंतर आपसूक येतं. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून शिकण्याचा आहे असं सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर हेच करत होत्या, त्याला आता पाऊणशे वर्षं झाली.

मुख्याध्यापकांना मी हे विचारीन: पहिलीला कोण शिकवणार, आणि त्या किती वर्षं पहिलीला आहेत? मूल रडलं तर काय करता? मारता का? शेवटचा प्रश्न ऐकून ते दचकतील. विचारा तरी. शिक्षण हक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण एखादा "थोडा धाक लागतोच" म्हणून गेला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझ्या भाचीचा अनुभव सांगते. एका शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला आत नेलं, आईबापाला बाहेर बसवलं आणि त्याला रंग, आकडे, आईचं शिक्षण, वडिलांचा पगार असं सगळं विचारलं. पोरगं घाबरून चड्डीत झालं. वर "तयारी कमी आहे" असा शेरा. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाचणी घेणं कायद्यात बसत नाही, पहिल्या वेळेला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. आम्ही भांडत बसलो नाही, दुसरी शाळा बघितली. आज वाटतं, लेखी तक्रार द्यायला हवी होती.

आणि डिजिटलला, म्हणजे फ्लेक्सच्या फलकाला, भुलू नका. कोल्हापुरात वाढदिवसाला चौकात डिजिटल लागतं, तसं शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालालाही लागतं, पासपोर्ट फोटोंची रांग आणि वर शाळेचं नाव. शिष्यवृत्तीची आमच्या जिल्ह्याला हौस आहे, त्यात हुशार पोरं घडलीही. पण त्यासाठी दुसरीपासूनच जादा तास सुरू असतील तर त्या शाळेत खेळाचा तास कुणी खाल्ला, ते विचारा. या गावात संध्याकाळी तालमीच्या आणि फुटबॉलच्या मैदानावर पोरांना जागा आहे. तिथं जायला अंगात जोर उरला पाहिजे.

६. पैसा आणि पंचवीस टक्के

फी विचारताना एकच आकडा घेऊ नका. प्रवेश फी, वार्षिक फी, पुस्तकं, गणवेश (पावसाळी आणि खेळाचा वेगळा), व्हॅन, स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल हे सगळं एका कागदावर मांडा आणि त्याला दहा वर्षांनी गुणा. पुढं दुसरं मूल आहे का, तेही धरा. ठरावीक दुकानातूनच वह्या-कपडे घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठरते, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं टिकते. समितीवर पालक चिठ्ठ्या टाकून घेतात. नाव द्या, घाबरू नका. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. "इमारत निधी" म्हणून बिनपावतीचं मागितलं तर तो सरळ गुन्हा आहे.

विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत, तिथं फी लागत नाही. दुर्बल घटकासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित गटांतल्या मुलांना, तसंच दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि जागा हुकते. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोडतीनं नंबर लागतो. नव्यानं आलेल्यांचा अर्ज दोन ठिकाणी फसतो. भाड्यानं राहत असाल तर साध्या स्टँपवरचा करार चालत नाही, नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि तो अर्जाच्या तारखा लागायच्या आधीचा असावा. दुसरं, नकाशावर घराची खूण नीट लावा. अंतरावरून शाळा मिळते, खूण चुकली तर पडताळणीत अर्ज बाद.

७. कागद

जन्मदाखला, मुलाचं आणि आईबापाचं आधार, राहण्याचा पुरावा, असेल तर जातीचा दाखला, फोटो. दुसऱ्या शाळेतून येत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला. तो यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि जन्मदाखला नाही म्हणूनही पहिलीचा प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यात बदली झाली तरी ही गोष्ट लागू आहे.

नाव लिहिताना मात्र शेजारी उभं राहा. शाळेच्या जनरल रजिस्टरला एकदा नाव पडलं की दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तेच जातं. मधलं नाव, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, जन्मतारीख, जन्मगाव, इंग्रजी स्पेलिंग आधारशी जुळतंय का, सगळं वाचून मगच सही करा. माझ्याच हातून एका "गौरी"चं "गैरी" झालं होतं, ते दुरुस्त करायला तिच्या वडिलांनी पंचायत समितीच्या चार चकरा मारल्या. भेटले की अजून आठवण करून देतात.

८. पहिले पंधरा दिवस

मूल रडेल. रडू द्या, पण फसवून पळू नका. "मी इथंच बाहेर आहे" म्हणून ऑफिसला गेलेल्या आईवर पोर पुढं महिनाभर विश्वास ठेवत नाही. "शाळा सुटल्यावर येतो" सांगा आणि त्या वेळेला फाटकात दिसा, पाच मिनिटं आधीच. जूनमध्ये इथला पाऊस तिरका असतो, छत्रीचा उपयोग नाही, रेनकोट घ्या आणि दप्तरात एक जादा चड्डी-बनियन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

आणि डबा. झाकण त्याला स्वतःला उघडता येईल असाच डबा घ्या. पहिल्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत एका जागी बसून तीस-तीस डबे उघडत असे. तोवर सुट्टी संपायची, आणि शेवटच्या पाच-सहा पोरांची चपाती तशीच घरी परत जायची. दुकानात डबा घेताना तो तुमच्या नव्हे, पोराच्या हातात द्या आणि उघड म्हणा.